पाव वर्तुळ

खुर्च्या तीन होत्या आणि घरात माणसंही तीनच होती, म्हणून आत्याला सुरुवातीला बरं वाटलं. बागेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरला होता. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर भावाच्या चष्म्याचं घर, आणि उरलेले दोन कोपरे भावजयीने तळहातांनी दाबून धरलेले. मधे एक हिरवा गोल, त्यात टेबल, आणि टेबलाभोवती वरून पाहिलेल्या तीन खुर्च्या: तीन छोटे चौकोन, प्रत्येकाला पाठीची एक जाड रेघ. नीट काढल्या होत्या. कुणाचे गुडघे कुणाला लागणार नाहीत इतकं अंतर ठेवलं होतं. त्यांतली कडेची, भिंतीकडे पाठ असलेली खुर्ची आत्याने मनातल्या मनात आपली म्हणून धरलीसुद्धा. मग भावजयीने एक हात उचलला, कागदाचा तो कोपरा लगेच गुंडाळून आत आला, आणि ती बोटाने दाखवत म्हणाली, ही यांची, ही माझी, आणि ही कडेची, लेक आली की तिची. लेक वर्षातून एकदा येते, आठ दिवस, आणि त्यातले चार दिवस मैत्रिणींकडे असते. गुंडाळलेला कोपरा आत्याने बोटाने पुन्हा सरळ केला आणि दाबून धरला, कारण कागद गुंडाळलेला तिला बघवत नाही, मग तो कुणाच्याही बागेचा असो.

भावाचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तो लोकांना लांबचं दिसतंय का, जवळचं दिसतंय का, असं विचारत असतो, पण समोर उभ्या असलेल्या बहिणीचा चेहरा वाचायला त्याला एरवी दोन दिवस लागतात. त्या दिवशी मात्र त्याला लगेच काहीतरी दिसलं असावं. तो म्हणाला, बागेच्या डिझायनरने पहिल्याच भेटीत एक फॉर्म भरून घेतला होता, बाग वापरणारी माणसं किती, अशी एक ओळ होती त्यात. मी तीन लिहिलं. वापरणारी म्हणजे बसणारी गं. तू कुठे बसतेस? हे अगदी खरं होतं. मागच्या अंगणात आत्या कधी बसलेली नव्हती. ती तिथून जायची, आणि तिथून यायची. धुणं वाळत घालायची, गुलाबाच्या दोन कुंड्यांना पाणी द्यायची, आणि मागच्या फाटकातून गल्लीत बाहेर पडून चालू लागायची. बसायचं तिला सुचलंच नव्हतं. पण न बसणाऱ्या माणसाला कोणत्या रकान्यात लिहायचं असतं, हे तिला भावाला विचारावंसं वाटलं, आणि तेवढ्यात तिची नजर नकाशावर खाली सरकली, घराच्या मागच्या भिंतीकडे. तिथे काहीतरी होतं. म्हणजे काहीच नव्हतं. भिंतीची दुहेरी रेघ स्वयंपाकघरापासून थेट कोपऱ्यापर्यंत, मधे कुठेही न तुटता गेली होती, आणि जिथे आत्याच्या खोलीचं दार असायला हवं तिथे भिंतीला लागून एक निळा पट्टा काढून त्यावर लिहिलं होतं, पाण्याची भिंत. दगडावरून दिवसभर पाणी ओघळत राहतं अशी भिंत. भावजयीच्या मैत्रिणीकडे आहे. त्या आवाजाने मन शांत होतं म्हणतात.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि हीच तर चिडायची गोष्ट होती. कुणी लबाडी केली असती तर आत्याने घर डोक्यावर घेतलं असतं. डिझायनरला घराचा मूळ नकाशा हवा होता, भावाने कपाटातून काढून दिला, आणि त्या नकाशात तिथे दार नव्हतंच. डिझायनर मापं घ्यायला आली तेव्हा तिने दार डोळ्यांनी पाहिलं, विचारलंही. भाऊ म्हणाला, ते कोठीचं दार, वापरात नाही, बंद झालं तरी चालेल. कोठी हा शब्दही बरोबर होता. चाळीस वर्षं घरात त्या खोलीला कोठीच म्हणतात. आत्या कुठे आहे, तर कोठीत आहे. आत्याची चादर कुठे, तर कोठीत. आत्या स्वतःसुद्धा फोनवर म्हणते, थांब, जरा कोठीत जाऊन बोलते. आणि त्या सकाळी, डिझायनर अंगणात लाल ठिपक्याचं यंत्र घेऊन भिंती मोजत फिरण्याच्या तासभर आधी, त्याच वापरात नसलेल्या दारातून बाहेर पडून आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेली होती.

आणि तो मूळ नकाशा आत्याच्याच हातचा होता. वडिलांनी घर बांधायला काढलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि वर्षभरापूर्वीच नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागली होती. लांबलचक उतरती टेबलं, खिडकीकडे तोंड करून बसलेल्या अकरा बायका, आणि प्रत्येकीपुढे कुणा दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा. त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा, शाई धरावी म्हणून त्यावर पावडर चोळायची, आणि खालची रेघ वर उतरवायची. चुकलं तर ब्लेडच्या टोकाने शाई खरवडायची, कागद न फाटता. हे खरवडणं आत्याला जमायचं तसं दुसऱ्या कुणाला जमत नसे. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, आपण काढत नाही, आपण उतरवतो. ट्रेसरने डोकं घरी ठेवून यायचं. तिनेही ते इमानेइतबारे घरी ठेवलं. एकदा कुठल्याशा कार्यालयाचा जिना तिच्या नकाशात पहिल्या मजल्यावर चढून सरळ एका बंद भिंतीला जाऊन टेकत होता. ती उठून साहेबांना दाखवायला गेली. साहेब म्हणाले, जसं आहे तसं. तिने जसं आहे तसं उतरवलं, सतरा पायऱ्या, बारीक निबने, आणि दोन वर्षांनी ती इमारत उभी राहिली तेव्हा जिनाही उभा राहिला. आत्या मुद्दाम बघायला गेली होती. सतरा पायऱ्या चढून भिंतीला पाठ लावून तिने तिथे आपला डबा खाल्ला. खाली माणसं ये-जा करत होती. हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो राग साहेबांवर नव्हता, पायऱ्या इतक्या सुबक आल्या होत्या त्याचा होता.

वडिलांच्या घराचा नकाशाही तिने तसाच उतरवला. पुढे बैठकीची खोली, आईवडिलांची खोली, भावाची खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला चिकटून चिंचोळी कोठी. तिची खोली नव्हती. ते कुणाला खटकलंही नाही, तिलाही नाही, कारण घर पुरं होईतो तिचं लग्न होऊन जाणार हे धरूनच चाललेलं. ज्या घरात ती राहणार नव्हती त्या घराचा नकाशा तिने इतक्या हौसेने उतरवला की अक्षरं घालायला तिला एक अख्खी दुपार लागली. कोठी हे दोन अक्षरी नाव तिने तीनदा खरवडून पुन्हा लिहिलं, ठ चा गोल मनासारखा येईपर्यंत. पुढे लग्न झालं नाही. का झालं नाही, याची कारणं निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी सांगितली, आणि आत्याच्या मते ती सगळी थोडीथोडी खरी होती, शिवाय एक कारण कुणी सांगितलंच नाही, ते म्हणजे तिला फारसं करायचंच नव्हतं. ती कोठीत राहायला गेली. तात्पुरती. डबे एका भिंतीला, खाट दुसऱ्या भिंतीला. मग भाऊ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, लेक झाली, आणि त्या पोरीच्या तोंडून आत्या हा शब्द फुटला तसा सगळ्यांच्याच तोंडात बसला. भाऊ तिला पूर्वी ताई म्हणायचा. तोही आत्या म्हणायला लागला, आणि हळूहळू गल्लीही.

मागचं दार तिने भिंतीत पाडून घेतलं ते भावाच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी. कामावरून आली की बैठकीतून आत जावं लागे, आणि बैठकीत कायम कुणीतरी असे, भावजयीच्या माहेरचं नाहीतर वडिलांच्या ओळखीचं, आणि बोलणं ती आली की थांबे. फार नाही, घोटभर चहा पिण्याइतकंच थांबे. पण ती आपली पर्स छातीशी धरून, चप्पल हातात घेऊन त्या शांततेतून आठ पावलं चालत जाई, आणि रोज तिला वाटे की ही आठ पावलं आपल्याला कुणीतरी मोजून देतंय. एकदा सगळे चार दिवसांसाठी परगावी गेले तेव्हा तिने रजा टाकली, एक गवंडी आणि एक सुतार बोलावला, आणि कोठीची मागची भिंत फोडली. माती, विटांचा चुरा, आणि मग एकदम आत आलेला उजेड, डब्यांच्या रांगेवर, खाटेवर, तिच्या हातांवर. सुताराने विचारलं, बाई, दार आत उघडू की बाहेर? ती म्हणाली, आत. अंगणात कुणाच्या पायात यायला नको. हे ती का म्हणाली कोण जाणे. खोली आधीच चिंचोळी, त्यात दार आत फिरायला पाव वर्तुळाची जागा कायमची मोकळी ठेवावी लागली. नकाशात दार काढतात तेव्हा एक सरळ रेघ काढतात आणि तिच्या टोकापासून चौकटीपर्यंत पाव वर्तुळ, दार जिथून फिरतं ते. त्या वर्तुळात काही ठेवता येत नाही, काही बांधता येत नाही, हा नियम तिने शेकडो नकाशांतून उतरवला होता. स्वतःच्या खोलीतलं ते पाव वर्तुळ तिने एकतीस वर्षं मोकळं ठेवलं. कपाट आखूड घेतलं. खाट पायाशी कापून घेतली. आजही ती गुडघे दुमडून झोपते.

वडील परत आले, अंगणात उभं राहून त्यांनी दाराकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, नकाशात नाही हे. आई बोलली, भाऊ बोलला, भावजय नवी होती तरी तीही थोडं बोलली. वडील त्यावर पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत. तीन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू तिच्या हातात दिली. पितळी कडी होती. आतून लाव, म्हणाले, आणि गेले. त्या कडीचा आवाज घरात सगळ्यांना ओळखू येतो. सकाळी सहाला खट्ट, म्हणजे आत्या फिरायला निघाली. दारापासून मागच्या फाटकापर्यंत तिच्या पायांनी अंगणात एक तिरपी वाट पडली आहे, गवत नसलेली, वीतभर रुंद. बागेच्या नकाशात तिथे हिरवळ होती. डिझायनरने त्यावर लिहिलं होतं, ओसाड पट्टा, नव्याने हिरवळ लावणे.

भावाला तिने अगदीच विचारलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जायला निघाला तेव्हा ती म्हणाली, माझ्या दाराचं काय? तो बूट घालत होता. अगं, आतून आहे ना दार, तो म्हणाला, आणि आता कुठे तुला रोज कामावर जायचंय. त्याच्या आवाजात काळजी होती. तो वाईट माणूस नाही. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रात्रंदिवस दवाखान्यात तोच बसला होता, तिच्या चष्म्याची काच तो स्वतः घासून देतो. पण काळजीने बोलत बोलत माणसाला भिंतीत चिणता येतं, हे आत्याला त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे बघताना स्वच्छ कळलं. तिच्या अंगाची लाही झाली. तिने दार लावून घेतलं, आतलं, स्वयंपाकघराकडचं.

दुपारी घर रिकामं झालं. भावजय क्लासला गेली. आत्याने खाटेखालून पेटी ओढली. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेलं घड्याळ तिने कधी हातात घातलं नाही, पण ट्रेसिंग पेपरचा उरलेला एक गुंडाळा, कॉम्प्युटर आल्यावर जो कुणालाच नको होता, तो ती मागून घेऊन आली होती. कडेने पिवळा पडला होता. पेनं कोमट पाण्यात धुतली, शाईची बाटली हलवून पाहिली. जेवणाच्या टेबलावर बागेचा नकाशा, त्यावर आपला कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. पावडर म्हणून तिने तोंडाला लावायची पावडर घेतली. तिला काय करायचं होतं हे तिला नीट माहीत नव्हतं. आधी सगळं उतरवावं, मग बघू, असं काहीसं. काटकोनी गुण्या सरकवत तिने फाटक उतरवलं, कुंपण उतरवलं, लिंबाच्या झाडाचा गोल उतरवला, खुर्च्या उतरवल्या, तीनच्या तीन. इतकं छान वाटत होतं की ती गुणगुणू लागली. खालची रेघ, वरची रेघ, निब उचलायचं नाही, श्वास रेघ संपल्यावर. कोपऱ्यापासून तिने मागची भिंत धरली आणि एका दमात स्वयंपाकघरापर्यंत नेली. सुंदर रेघ आली. कडेला शाई फुटली नाही, जाडी कुठे बदलली नाही. आणि मग तिने पाहिलं की आपण आपल्या दारावरून गेलो.

शाई वाळत होती. चाळीस वर्षांपूर्वी हाच हात होता, हीच भिंत, आणि तेव्हा निदान दार नव्हतं. आज दार होतं, तिच्या पाठीमागे, पाच पावलांवर, कडीसकट, आणि हाताने त्याला ओळख दाखवली नाही. भावाने फॉर्मात तीन लिहिलं म्हणून ती रात्रभर जळत होती. तिला स्वतःला विचारलं असतं तर तिनेही तीनच लिहिलं असतं, सुबक अक्षरात. सतरा पायऱ्या. कोठी. आत उघडू की बाहेर, आत, कुणाच्या पायात नको. असं सगळं एकामागून एक तिला आठवत गेलं आणि प्रत्येक ठिकाणी कुणी जबरदस्ती केली होती का, हे ती शोधत होती, आणि प्रत्येक ठिकाणी तिचाच हात सापडत होता, उतरवणारा, न चुकणारा. तिला रडू आलं नाही. तिला त्या हाताचा संताप आला. तिने तो टेबलावर आपटलासुद्धा, शाईची बाटली हलली. नाही, ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या घरात. बस झालं. मग तिने पेटीतून ब्लेड काढलं, त्याच हातात दिलं, आणि खरवडायला बसली. हलकं, एकाच दिशेने, कागदाला इजा न होऊ देता, एक फळी जाईल इतकी जागा भिंतीत मोकळी झाली. मग निळा पट्टा तिने उतरवलाच नाही. खोलीतलं नाव खालच्या नकाशात होतं, कोठी, डिझायनरने जुन्यावरून तसंच घेतलं होतं. तेही तिने सोडलं आणि तिथे आपलं नाव लिहिलं. आत्या नव्हे. शाळेच्या दाखल्यावरचं, आडनावासकट, अक्षरांची उंची इतर खोल्यांच्या नावांपेक्षा केसभर मोठी. हात आता दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा वाटत होता, आणि तो बरा होता. दार मात्र तिने काढलं नाही. मोकळी जागा मोकळी ठेवून तिने कागद गुंडाळला.

रविवारी सकाळी डिझायनर दोन माणसांना घेऊन आखणी करायला आली. अंगणात खुंट्या ठोकल्या गेल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या. एक जण डब्यातून पांढरी फक्की सोडत दोरीबरोबर चालत होता. भाऊ हातात चहाचा कप घेऊन उभा, भावजय शेजारी, फोनवर फोटो काढत. आत्या खोलीत होती. आतून तिला डिझायनरचा आवाज ऐकू येत होता, थोडं डावीकडे, अजून, बस. मग दाराच्या फटीखालून पांढरी भुकटी उडून आत आली. पाण्याची भिंत आखत होते. आत्याने कडी काढली. खट्ट झालं. दार आत उघडायचं म्हणून नेहमीप्रमाणे तिला एक पाऊल मागे सरकावं लागलं, आणि ते सरकताना तिला हसू आलं, की हे शेवटचं. उंबऱ्याबाहेर वीतभर अंतरावर दोन पांढऱ्या रेघा होत्या. तिने पाऊल टाकलं ते नेमकं पहिल्या रेघेवर.

डिझायनर बावरली. पस्तिशीची असेल, बुटांना चिखल लागलेला, कामाचं माणूस. ती म्हणाली, हे दार वापरात नाही असं मला सांगितलं होतं. तिने भावाकडे पाहिलं. भावाने कपात पाहिलं.

"रोज वापरात आहे," आत्या म्हणाली. "मी राहते इथे."

भावजय पुढे आली. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, आत्या, तुम्हाला आतून दार आहे, आणि नकाशा आता पक्का झालाय, माणसं आली आहेत, आपण नंतर बोलू. अंगणात डिझायनरने एक घडीचं टेबल मांडून त्यावर आपला नकाशा ठेवला होता. आत्याने आपला कागद उलगडला आणि त्यावर बसवला. फाटकावर फाटक आलं, झाडावर झाड, खुर्च्यांवर खुर्च्या. डिझायनर वाकून बघायला लागली, आणि मग कुठेही बोट न लावता, तोंडातल्या तोंडात म्हणाली, हे हाताने काढलंय? रेघा बघा केवढ्या सुबक. भावजय नाव वाचत होती. क्षणभर तिला कळेना हे कोण, मग कळलं, आणि तिने फोन खाली केला.

"काढलं नाही, उतरवलंय," आत्या म्हणाली. "काढायचं एवढंच राहिलंय."

तिने साडीच्या खोचलेल्या पदरातून पेन काढलं, कंपास काढला. भाऊ म्हणाला, आत्या, तुला खुर्ची हवी होती तर सांगायचं, चौथी खुर्ची काय, कधीही टाकता येईल. ती म्हणाली, खुर्ची नको, मी बसत नाही. त्या वाटेवर हिरवळही नको, ती ओसाड नाही, पायाखालची आहे. हे सगळं ती मान वर न करता बोलली, कारण ती कंपासाचं टोक भिंतीतल्या मोकळ्या जागेच्या कडेला, बिजागरीच्या जागी ठेवत होती. आधी तिने फळीची सरळ रेघ काढली. मग टोकापासून पाव वर्तुळ फिरवलं, सावकाश, शाई न तुटू देता. वर्तुळ भिंतीतून बाहेर आलं आणि अंगणात पसरलं, निळ्या पट्ट्याच्या मधोमध.

भाऊ कागदावर वाकला. त्याला जवळचं चांगलं दिसतं.

"चुकलीस," तो म्हणाला. "दार आत उघडतं आपलं."

"आत उघडत होतं. उद्या सुतार येतोय."

डिझायनरला नियम माहीत होता. तिने त्या पाव वर्तुळाकडे पाहिलं, जमिनीवरच्या पांढऱ्या रेघांकडे पाहिलं, डोक्यात काहीतरी मोजलं, आणि फक्कीवाल्याला म्हणाली, या दोन रेघा पुसून टाका, इथे काही येणार नाही. तो पायानेच पुसू लागला. पाण्याची भिंत मग कुठे, असं भावजय विचारत होती, आणि डिझायनर आत्याच्या तोंडाकडे बघत होती. आत्या म्हणाली, ते तुम्ही ठरवा, डिझायनर तुम्ही आहात. मग वाऱ्याने कागदाचा एक कोपरा उचलला. दाबून धरायला भावाचा हात पुढे आला, नेमका दाराच्या दिशेने.

"शाई ओली आहे," आत्या म्हणाली. "वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."